पाचव्या महिन्यात सिंगापूर : प्रवास विमा कोणता घ्यावा?

मास्तरीण_दारव्हा
नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातली, दारव्हा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. गावात विचारलं तर उत्तराऐवजी उपदेश मिळतो, म्हणून इथे विचारते.

उन्हाळ्यात आम्ही दोघं आणि नणंद-नंदोई अशा चौघांनी दिवाळीच्या सुट्टीतलं सिंगापूर-मलेशिया बुक केलं. आठ रात्री. अर्धे पैसे भरले. त्यानंतर दोन महिन्यांनी कळलं की घरात पाळणा हलणार आहे. आत्ता पंधरावा आठवडा सुरू आहे, जाताना पाचवा महिना संपत आलेला असेल. आमच्या डॉक्टर बाई म्हणाल्या, सगळं नीट असेल तर जा. सासूबाई म्हणाल्या, जाऊ नको. यांचं म्हणणं, तू म्हणशील तसं. (हे सगळ्यात अवघड.)

टूरवाला म्हणतो, "मॅडम, विमा पॅकेजमध्येच आहे, टेन्शन नका घेऊ." पण त्यात गर्भारपण धरलंय का, असं विचारलं की म्हणतो, "सगळं येते त्यात." त्याच्या या 'सगळं'वर माझा विश्वास नाही. कोणी गरोदरपणी परदेशी गेलंय का? विमा कोणता घेतला? कंपनीचं नाव नाही सांगितलं तरी चालेल, काय बघून घेतला ते सांगा.

संत्रावाला
अभिनंदन वो मॅडम! पेढे आधी, विमा मंग.

तुऱ्हाटी
विम्याआधी यवतमाळ ते नागपूर दीडशे किलोमीटरचं काय करता ते सांगा. विमानात बाळाले काही होत नाई, खरी परीक्षा आपल्या गावच्या फाट्यापासून हमरस्त्यापर्यंत हाय.

विमाभाऊ_कारंजा
ताई, अभिनंदन. मी विम्याचंच काम करतो, म्हणून थोडं लांबलचक लिहितो. (इथे पॉलिसी विकायला आलेलो नाही, आधीच सांगतो. मागच्या धाग्यात लोकांनी मला सोलून काढलं होतं.)

पहिली गोष्ट, टूरवाल्याकडून पॉलिसीचं प्रमाणपत्र आणि पूर्ण मजकूर पीडीएफमध्ये मागा. रंगीत पत्रक नको. पॅकेजमधला विमा बहुधा गटाचा असतो आणि रक्कमही बेताची असते. त्या पीडीएफमध्ये 'वगळलेल्या बाबी' हे प्रकरण काढा. बहुतेक भारतीय प्रवास पॉलिसींमध्ये तिथे एक ओळ असते: गर्भधारणा, प्रसूती, गर्भपात आणि त्यातून उद्भवणारी गुंतागुंत यांचा खर्च मिळणार नाही. पुष्कळदा त्यालाच शेपूट असतं, 'एक्टोपिक वगळून'. म्हणजे गर्भ गर्भाशयाबाहेर रुजला तर तेवढा खर्च देऊ. एजंट हेच शेपूट दाखवून म्हणतो, बघा, प्रेग्नन्सी कव्हर आहे! पण ती भानगड पहिल्या काही आठवड्यांतली. पाचव्या महिन्यात त्या शेपटाचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही.

दुसरी गोष्ट, काही पॉलिसींमध्ये 'जिवाला धोका असलेली गुंतागुंत' धरलेली असते, ठरावीक आठवड्यांपर्यंत. तुम्हाला शोधायची आहे ती हीच ओळ. किती आठवडे, आणि ते आठवडे निघण्याच्या दिवशी मोजायचे की दवाखान्यात दाखल होण्याच्या दिवशी, हे लेखी विचारा. फोनवर कोणीही "हो मॅडम" म्हणतं.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची आणि कोणीच न विचारणारी गोष्ट. देव न करो, पण बाळ तिकडेच वेळेआधी झालं, तर ते बाळ तुमच्या पॉलिसीत नसतं. पॉलिसी तुमच्या नावाची. काचेच्या पेटीतल्या बाळाचा खर्च आईच्या खर्चाच्या कितीतरी पट होतो. तो धरलाय का, हे वेगळं विचारा.

आणि लपवू नका. अर्जात विचारलं तर गरोदर आहे असं लिहा. लपवलं तर पाय मुरगळल्याचा दावाही वादात पडू शकतो.

बिनधास्त_चिखली
एवढी कशाला चिंता? उलट फायदा बघा, तिकडे सोनोग्राफीत मुलगा का मुलगी ते पण सांगतात म्हणे.

आजीबाई_पवनी
त्यासाठी सिंगापूरला जायची हौस तुमच्या घरच्यांना असेल. या पोरीने विमा विचारलाय.

संपादक
बिनधास्त_चिखली, या विषयावरची पुढची प्रत्येक ओळ उडवली जाईल. १९९४ चा कायदा कशासाठी करावा लागला ते माहीत नसेल तर वाचा. मूळ विषयावर या.

पैनगंगा
विमाभाऊंनी लिहिलंय ते आमच्यावर गुदरलंय, म्हणून लिहिते. खरं तर हे लिहावं की नाही यात दोन दिवस गेले.

माझा एकविसावा आठवडा होता, आम्ही थायलंडला गेलो होतो. हॉटेलवाल्याच्या गुळगुळीत जिन्यावर पाय सरकला नाही, काही नाही, नुसतंच सकाळी उठले तर चादरीवर डाग. मिस्टरांनी पॉलिसीवरच्या मदत क्रमांकावर फोन लावला. तिथल्या मुलीने आधी पॉलिसी नंबर, मग पासपोर्ट नंबर, मग जन्मतारीख विचारली आणि शेवटी विचारलं, "तुम्ही गरोदर आहात का?" हो म्हटल्यावर ती दोन सेकंद गप्प बसली. ते दोन सेकंद मला अजून आठवतात.

सोनोग्राफी, एक रात्र निगराणी, इंजेक्शनं. बिल भरलं ते मिस्टरांच्या कार्डावर. वार (प्लॅसेंटा) थोडी खाली होती, बाळ सुखरूप होतं. आता ते पोट्टं अंगणवाडीत जाते आणि सगळ्यांचे डबे खाऊन येते.

परत आल्यावर दावा केला. पत्र आलं, गर्भधारणेशी संबंधित खर्च वगळलेला आहे, अमुक कलम. कंपनीकडे तक्रार केली, मग विमा लोकपालांकडे गेलो. त्याला फी लागत नाही, वकीलही लागत नाही. पण कलम स्पष्ट होतं आणि आम्ही ते वाचलेलं नव्हतं. निकाल विरोधात गेला.

गंमत पुढे आहे. त्याच सहलीत मिस्टरांचं पोट बिघडलं होतं, सलाईन लावावं लागलं. त्याचे पैसे बारा दिवसांत खात्यात जमा! त्यांच्या जुलाबाला किंमत, माझ्या पोटाला नाही.

संत्रावाला
वहिनी, वाईट वाटून राहिलं अन् हसूही येऊन राहिलं. माफ करजा.

पैनगंगा
हसा हो भाऊ. आमच्या घरी सगळ्या लग्नांत हा किस्सा होतो.

लेस्टरकर_अंजनगाव
मूळचा अंजनगाव सुर्जीचा, सध्या इंग्लंडमध्ये. इथे चित्र बरंच वेगळं आहे. इथल्या प्रवास पॉलिसी गर्भारपणाला सहसा आजार मानत नाहीत. साधी, वेळेवरची प्रसूती देत नाहीत, पण अचानक उद्भवलेली गुंतागुंत धरतात. मास्तरीणबाई, एखादी इथली कंपनी बघा ना ऑनलाईन.

विमाभाऊ_कारंजा
दादा, ती पॉलिसी तिथे राहणाऱ्यांसाठी. दारव्ह्याच्या पत्त्यावर नाही मिळणार. आणि आपल्याकडची पॉलिसीही इथून निघण्याआधीच घ्यावी लागते, चांगी विमानतळावर उतरून "आता काढतो" म्हणता येत नाही.

लेस्टरकर_अंजनगाव
बरोबर. मागे घेतो. माझं गाव सुटलं, विम्याचा पत्ताही सुटला.

तुऱ्हाटी
आयुष्मान कार्ड हाय ना आपल्यापाशी? पाच लाखाचं?

विमाभाऊ_कारंजा
ते भारताच्या हद्दीत. महात्मा फुले योजनाही तशीच. साधा घरगुती आरोग्य विमाही बहुतेक वेळा सीमेपलीकडे चालत नाही. क्रेडिट कार्डावरच्या 'मोफत विम्या'वरही भिस्त ठेवू नका, त्यात बहुधा अपघात आणि हरवलेली बॅग एवढंच असतं.

मास्तरीण_दारव्हा
सगळ्यांचे आभार. पैनगंगाताई, तुमचं वाचून पोटात गोळा आला, पण बरं झालं लिहिलंत.

टूरवाल्याकडून पीडीएफ मागवली. तीन दिवस "सर्व्हर डाऊन" होतं. शेवटी हे स्वतः जाऊन बसले तेव्हा मिळाली. चाळीसच्या वर पानं. काल रात्री लाईट गेली होती, मोबाईलवर बोटाने मोठं करून करून वाचलं. विमाभाऊ म्हणतात ती ओळ सापडली, शेपटासकट. म्हणजे 'सगळं येते त्यात'मध्ये माझा ताप येतो, हात मोडणं येतं, बॅग येते, पोट येत नाही.

आता वेगळी पॉलिसी शोधतेय. दोन कंपन्यांना मेल केला आहे. एक प्रश्न, गर्भारपणामुळे आयत्या वेळी जाणंच रद्द झालं तर पैसे मिळतात का?

विमाभाऊ_कारंजा
बहुतेक ठिकाणी नाही. शिवाय नवी पॉलिसी घेताना तुम्हाला दिवस गेल्याचं माहीत असणार. टूरवाल्याच्याच रद्द करण्याच्या अटी बघा, किती दिवस आधी कळवलं तर किती कापतात. तारीख बदलून देतो का ते विचारा, तिथे भांडायला जास्त वाव आहे.

डॉ_हिंगणघाट
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. कोणाला पाहिल्याशिवाय जा किंवा जाऊ नका सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनी सांगायचं. पण विम्याच्या गडबडीत चार गोष्टी राहून जातात.

निघण्याआधी ऍनोमली स्कॅन (बाळाचे अवयव नीट आहेत का ते बघणारी सोनोग्राफी) करून घ्या, तो अठरा ते बावीस आठवड्यांत होतो. वार कुठे आहे, गर्भाशयाच्या मुखाची लांबी किती, हे त्यात कळतं. पैनगंगाताईंसारखं तिकडे जाऊन कळण्यापेक्षा बरं. हिमोग्लोबिन बघा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते कागदावर ठळक लिहून ठेवा, कारण रक्तस्राव झाला तर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन घ्यावं लागतं.

विमानात पट्टा पोटाखालून, मांड्यांवरून बांधा. पाणी पीत राहा. तास-दीड तासाने उठून चाला, गरोदरपणी पायात रक्ताची गाठ होण्याची शक्यता जास्त असते. घट्ट मोजे मिळतात ते घाला.

आणि ताई, तुम्ही 'पंधरावा आठवडा' म्हणता तो पाळीच्या तारखेवरून की पहिल्या सोनोग्राफीवरून? हे विचारण्याचं कारण आहे. आपल्याकडे घरी 'पाचवा लागला' असं मोजतात, आम्ही आठवडे मोजतो आणि विमानवाले-विमेवाले दिवससुद्धा मोजतात. पाळी अनियमित असेल तर पहिल्या सोनोग्राफीत तारीख आठवड्या-दीड आठवड्याने सरकते. फाईलवर जी प्रसूतीची तारीख डॉक्टरांनी नक्की केली आहे, तीच सगळीकडे लिहा.

आजीबाई_पवनी
आमच्या वेळी नागपंचमीच्या आसपास दिवस गेले, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला होईल, एवढंच गणित. माझा मोठा हनुमान जयंतीलाच आला.

तुऱ्हाटी
आजी, त्याले विमानात बसायची घाई असन.

झाडीपट्टी
गोंदियाकडून लिहितो. आपल्या पूर्व विदर्भातल्या लोकांसाठी एक गोष्ट डॉक्टरांनी लिहिली नाही, ती जोडतो. सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात कितीतरी घरांत आहे. माझ्या बहिणीला आहे. विमानाच्या आत हवेचा दाब समुद्रसपाटीचा नसतो, सहा-आठ हजार फुटांच्या डोंगरावर बसल्यासारखा असतो. सिकलसेल असलेल्या गरोदर बाईला त्याचा त्रास होऊ शकतो. आणि विम्याच्या दृष्टीने तो आधीपासूनचा आजार, तो वेगळा जाहीर करावा लागतो. मास्तरीणबाई, तुमची तपासणी झालीच असेल, पण धागा वाचणारी दुसरी कोणी असेल तिच्यासाठी लिहिलं. बहिणीने विमानप्रवास रद्द केला, रेल्वेने चिखलदरा पाहायला गेली.

संत्रावाला
रेल्वेने चिखलदरा?? भाऊ, कोणती गाडी हाय थे, आमाले बी सांगा.

झाडीपट्टी
बडनेऱ्यापर्यंत रेल्वे, पुढे गाडी. पकडलंत.

डॉ_हिंगणघाट
झाडीपट्टी, अगदी योग्य मुद्दा. धन्यवाद.

आजीबाई_पवनी
डासांचं कोणी बोललं नाही. तो झिका का काय तिकडेच होता ना?

डॉ_हिंगणघाट
२०१६ साली सिंगापूरमध्ये झिकाची मोठी साथ आली होती, खरं आहे. पण तो फक्त तिकडचा नाही. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण २०२१ साली पुणे जिल्ह्यातल्या बेलसरला सापडला, आणि २०२४ साली खुद्द पुण्यात गरोदर बायकांनाही लागण झाली होती. डेंग्यूचा जो दिवसा चावणारा डास, तोच हा. निघण्याआधी डॉक्टरांशी बोला, पूर्ण बाह्यांचे कपडे घ्या, आणि गरोदरपणी चालणारं मलम त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

तुऱ्हाटी
पूर्ण बाह्या आपल्याइकडे उन्हापायी घालतोच, सवय हाय.

पैनगंगा
डॉक्टरांच्या पत्राची अजून एक गोष्ट. आमच्या नात्यातल्या एकीला तालुक्याच्या डॉक्टरांनी सुंदर अक्षरात मराठीत लिहून दिलं, 'प्रवासास हरकत नाही.' विमानतळावरच्या पोरीने ते उलटंपालटं करून पाहिलं. इंग्रजीत हवं, किती आठवडे ते हवं, प्रसूतीची अपेक्षित तारीख हवी, एकच बाळ की जुळी ते हवं, आणि पत्र ताजं हवं. शेवटी डॉक्टरांना रात्री साडेदहाला उठवून व्हॉट्सॲपवर नवीन पत्र मागवलं. बऱ्याच विमान कंपन्या अठ्ठावीस-एकोणतीस आठवड्यांनंतरच पत्र मागतात, पण पोट दिसलं की आधीही विचारतात. पत्र पर्समध्येच ठेवा, मोठ्या बॅगेत नको. ती तर आधीच पट्ट्यावरून निघून जाते.

लेस्टरकर_अंजनगाव
आणि सिंगापूरच्या त्या मोठ्या करमणूक बागेचं तिकीट काढण्याआधी विचार करा. जोरात फिरणाऱ्या पाळण्यांवर गरोदर बायकांना बसू देत नाहीत. माझी वहिनी पूर्ण तिकीट काढून दिवसभर सगळ्यांच्या चपला आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसली होती.

संत्रावाला
म्हणजे मारबतीची मिरवणूक पाहाले नागपूरला गेल्यावर आमची बायको करते तेच काम. त्याले तिकीट लागत नाई.

आजीबाई_पवनी
मी मघापासून वाचते आहे. पोरी, एक स्पष्ट विचारू? विम्याशिवाय जाशील का?

मास्तरीण_दारव्हा
आजी, महिन्याआधी विचारलं असतं तर हो म्हटलं असतं. आता नाही. एक दिवस तिकडच्या दवाखान्यात काढायला लागला तर आमच्या दोघांचे किती पगार जातील याचा हिशोब यांनी वहीत मांडला आणि वही मिटवून टाकली.

तुऱ्हाटी
भाऊ समजदार निघाले.

मास्तरीण_दारव्हा
(अकरा दिवसांनी)
परत आले. बरंच काही झालं.

दोन कंपन्यांपैकी एकीने उत्तर दिलं, 'कृपया पॉलिसीचा मजकूर पाहावा.' पाहिला. तीच ओळ, तेच शेपूट. दुसरीने मात्र चार ओळींचं नीट उत्तर दिलं: आईच्या जिवाला धोका असलेली गुंतागुंत धरली जाईल, दाखल होण्याच्या दिवशी २४ आठवडे पूर्ण झालेले नसावेत, नवजात बाळाचा खर्च नाही. मी तो मेल छापून घेतला. हप्ता पॅकेजमधल्यापेक्षा जास्त आहे, पण चौघांच्या एका वेळच्या बाहेरच्या जेवणापेक्षा फार नाही.

मला वाटलं झालं. माझ्या हिशोबाने निघताना २१ आठवडे ५ दिवस आणि परतीच्या दिवशी २२ आठवडे ६ दिवस. ऐसपैस! मग हिंगणघाटच्या डॉक्टरांचा प्रश्न आठवला आणि फाईल काढली. पहिल्या सोनोग्राफीच्या कागदावर आमच्या डॉक्टर बाईंनी लाल पेनाने प्रसूतीची जुनी तारीख खोडून नवीन लिहिली होती, नऊ दिवस अलीकडची. मी तो कागद दोन महिने कपाटात ठेवला होता आणि पाळीच्याच तारखेवरून मोजत होते. मुलांना दिनदर्शिका शिकवते मी, चौथीला.

नऊ दिवस मिळवले तर परतीचा दिवस २४ आठवडे १ दिवस. म्हणजे क्वालालंपूरचे शेवटचे दोन दिवस, विमानप्रवासासकट, मी विम्याबाहेर.

विमाभाऊ_कारंजा
ताई, हे पकडलंत म्हणून वाचलात. दावा आला की कंपनी पहिली सोनोग्राफीच मागते.

डॉ_हिंगणघाट
शाब्बास. नऊ दिवस छोटे वाटतात.

पैनगंगा
मग काय ठरवलं?

मास्तरीण_दारव्हा
मलेशिया कापलं. सिंगापूरच्या पाच रात्री आणि तिथून सरळ परत, २३ आठवडे ५ दिवसांवर घरी. टूरवाला आधी म्हणाला असं होतच नाही. हे पुन्हा त्याच्या दुकानात जाऊन बसले. (यांना आता ती खुर्ची ओळखीची झाली आहे.) तीन रात्रींचे थोडे पैसे गेले, थोडे त्याने परत केले. नणंद-नंदोई पुढे जाणार आहेत, आमच्या वाटचे फोटो तेच काढतील.

ऍनोमली स्कॅन निघण्याच्या दहा दिवस आधीचा धरला आहे. त्यात काही दिसलं तर सिंगापूरही कापायचं, हे दोघांनी ठरवून टाकलं. रक्तगट पॉझिटिव्ह, सिकलसेल नाही, हिमोग्लोबिन साडेदहा आहे. ते वाढवायला सासूबाईंनी रोज गूळ-फुटाणे आणि अंबाडीची भाजी सुरू केली आहे. मलेशिया कापल्यापासून त्या माझ्याशी फार गोड बोलतात.

आजीबाई_पवनी
गुळाबरोबर डॉक्टरीणबाईच्या गोळ्या पण घे. आणि चहाबरोबर नको घेऊस त्या.

डॉ_हिंगणघाट
आजी, तुम्ही माझ्या दवाखान्यात येऊन बसा.

संत्रावाला
मॅडम, पेढ्याचं राहिलंच बरं का. आता सिंगापूरचे चाकलेट चालन.

मास्तरीण_दारव्हा
चालेल. एक शेवटचं, विषयाला सोडून. दारव्हा-दिग्रसकडे कोणाकडे आठवडाभरासाठी मोठी चाकाची बॅग आहे का? आमची नणंद घेऊन चालली.

तुऱ्हाटी
दिग्रसले हाय माझ्यापाशी. एक चाक तुटेल हाय, पण भाऊ उचलतीन.